बरणीतलं फूल

काचेची बरणी उजेडाकडे धरायची, डावा डोळा मिटायचा, उजव्या डोळ्याने आत असं बघायचं की जणू आत कुणी सोयरा राहायला आला आहे, आणि मग घशातल्या घशात म्हणायचं, "बसू दे त्याले."

बरणीत गढूळ पाणी असायचं. बसायचं होतं ते पाण्यातल्या मातीने. आणि बघणारा होता आमच्या गावच्या टेकडीवरचा, नळाचं पाणी गाळायच्या फिल्टरवरचा मामा. त्याचं खरं नाव मी सांगत नाही. सांगूनही उपयोग नाही, हजेरी घेणारा कारकूनसुद्धा ते विसरला होता. गावाचंही नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांच्या काठ्याही आहेत. मालेगावहून धूळ खात एस.टी. यायची, एवढं पुरे. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, आम्ही स्वतःला अकोल्याचे म्हणवून घ्यायचो. बाकीच्या खुणा तुम्ही शोधा. तुम्हीही माझ्यासारखेच दुसऱ्याच्या अंगणात डोकावणारे आहात, नाहीतर हे वाचायला बसला नसता.

मी त्याच टेकडीखाली, तळ्याच्या काठी, पंपाच्या इंजिनावर होतो. मूळचा किन्हीराजा गावचा. माझ्या आवाजाबद्दल मी स्वतः काय बोलू? मी आमच्या वावरातून बैलाला हाक मारली की शेजारच्या शिवारातले बैल थांबायचे. पंपाचं इंजिन बंद पडलं तरी मी बोलत असेन तर गावाला दिवसभर पत्ता लागत नसे. म्हणून मामा मला नावाने हाक मारत नसे. वावटळ म्हणायचा.

"आली काय वावटळ? बैस. पन टेबलाले धक्का नोको लावू."

आमच्या कामाची वाटणीही तशीच होती. मी तळ्याचं पाणी खवळवून वर पाठवायचो, तो ते शांत करून गावाला द्यायचा. पण ही हकीकत पाण्याची नाही. बरणी धरणाऱ्या त्या हाताची आहे. तो हात त्याच्याजवळ राहतो की नाही, एवढीच गोष्ट आहे. बाकी मी जे काय वाढवून सांगेन, त्यातलं अर्धं तुम्ही वजा करा.

तर पावसाळ्यात आमच्या तळ्याचं पाणी किती गढूळ असायचं? नळाखाली घागर ठेवली तर ती भरायच्या आत तिच्यात हराळी उगवायची. एका गुरुजींच्या हातून परसात बादली सांडली, तर तलाठी नवी जमीन मोजायला आला. माझ्या चुलतभावाने त्या पाण्याने आंघोळ केली आणि त्याच्या बायकोने त्याला पोळ्याचा मातीचा बैल समजून कोनाड्यात ठेवलं. बरं, बैलाचं राहू द्या. पण आमची काळी माती तुम्हाला ठाऊक आहे. वाळू बिचारी सरळ, पाण्यात टाकली की तळाला जाते. काळ्या मातीचा कण इतका बारीक की आपल्याला वजन आहे हे त्याचं त्यालाच माहीत नसतं. पाणी जरा हेलकावलं की हा निघाला फिरायला. घागर आठवडाभर कोपऱ्यात ठेवा, हा आपला मध्येच तरंगत राहणार, ना वर ना खाली.

त्याच्यावर इलाज तुरटीचा. तुरटी पडली की हे कण एकमेकांना धरू लागतात. पण धरायला आधी भेटावं लागतं, आणि भेटायला पाणी हलावं लागतं. हळू हललं तर कणाला कण चिकटतो, त्याला आणखी चिकटतात, आणि सरकीवर राहिलेल्या कापसासारखा पांढुरका पुंजका होतो. फिल्टरवाले त्याला फूल म्हणतात. फूल जड झालं की तळाशी जातं आणि वर नितळ पाणी राहतं. जोरात हललं तर मात्र धरलेले हात सुटतात. आणि एकदा तुटलेलं फूल पुन्हा तसं जुळत नाही, कितीही गोंजारा.

मामा रोज सकाळी खिडकीजवळच्या टेबलावर बरण्या मांडायचा. लोणच्याच्या होत्या, मामीने धुऊन दिलेल्या, तरी एकीला मेथ्यांचा वास यायचा. प्रत्येकीत तळ्याचं पाणी, प्रत्येकीत तुरटी कमीजास्त. मग बांबूच्या कामटीने एकेक बरणी ढवळायची. आधी भरभर, मग सावकाश, मग इतकी सावकाश की कामटी हलते आहे की आपले डोळे फिरतायत ते कळू नये. त्या सावकाश ढवळण्याचा ताल म्हणजे त्याचं ते वाक्य. बसू दे त्याले, बसू दे त्याले. मग बरणी उचलून उजेडाकडे. जिच्यात फूल चांगलं आलं, तिच्या हिशोबाने वरच्या हौदात तुरटी पडायची आणि ते पाणी गाव प्यायचं.

हेच वाक्य त्याला सगळ्या कामाला पुरायचं. एकदा माझ्या भावाने वावराचा बांध कोरला. मी तणतणत टेकडी चढलो.

"मामा, आज त्याचं डोस्कं फोडतो मी."

"फोड. पन आंधी च्या घे. बसू दे त्याले."

"कोनाले? भावाले?"

"तुह्या डोस्क्यातल्या गाळाले."

मी चहा घेतला. डोकं फोडायचं राहून गेलं. भाऊ अजून धडधाकट आहे आणि बांध अजून कोरतो.

मामा बौद्धवस्तीतला. धर्मांतर झालं तेव्हा तो ऐन जवानीत होता. घरातले जुने देव गेले, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. तशीच एक तसबीर त्याने फिल्टरच्या खोलीतही लावली होती, बरण्यांच्या बरोबर वर. गावात नळ आले तेव्हा वरच्या आळीतल्या काही घरांनी जाहीर केलं की त्याच्या हातचं ढवळलेलं पाणी आम्हाला नको, आमच्या आमच्या विहिरी आहेत. हे मामाला मुद्दाम सांगणारेही भेटले. तो म्हणाला, "बसू दे त्यायले."

पुढे मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, आणि विहिरींबरोबर सोवळंही तळाला गेलं. तीच घरं पितळी घागरी घेऊन नळाखाली उभी राहिली. देवघरातला गडवासुद्धा मामाच्या कामटीखालून जाऊ लागला. मामाने त्यावर अवाक्षर काढलं नाही. फक्त एकदा, त्याच आळीतली एक म्हातारी वाटेत भेटली आणि लाडात येऊन म्हणाली, "मामा, लय गोड पानी देता हो तुमी." तेव्हा तेवढं म्हणाला, "तुरटी हाये माय त्याच्यात. गोड कोठून लागन?"

याच म्हातारीने पुढे एक कांड केलं. एका पावसाळ्यात तळं असं खवळलं की कुठल्याच बरणीत फूल येईना. गढूळ पाणी सोडायचं नाही, हा मामाचा हट्ट. त्याने नळ बंद ठेवले आणि गावात निरोप धाडला, "फूल पडलं नाई, म्हनून पानी नाई." निरोप नेणारा मी, त्यामुळे तो पंचक्रोशीला एकदम पोचला. दुपारी बघतो तर टेकडीवर बायांची रांग, पुढे म्हातारी, डोक्यावर टोपली, आणि टोपलीत झेंडू.

"तळ्याले फुलं पडले नाई म्हनता ना मामा? घ्या. पोटभर वाहा."

मला हसू आवरेना. मी हसलो की पत्रे वाजतात, म्हणून तोंडात उपरणं कोंबलं. मला वाटलं, मामा आता समजावून सांगेल. त्याने गंभीर तोंडाने बरण्या सरकवून जागा केली.

"ठेवा इथिसा," म्हणाला.

बाया गेल्यावर मी म्हटलं, "मामा, सांगाचं ना त्यायले."

"काय सांगू? मनापासून आनले त्यायनं." मग त्याने त्यातली थोडी फुलं तसबिरीला घातली, बाकीची मामीला दिली. "तळ्यात टाकले असते तं सडले असते. अजून एक बला."

संध्याकाळच्या आत तळं आपल्या आपणच निवळलं, फूल आलं, नळ सुटले. श्रेय झेंडूला गेलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात टेकडीवर एक टोपली येऊ लागली, आणि मामा ती दर वेळी तितक्याच गंभीरपणे उतरवून घ्यायचा.

काम नसलं की आमचा एक खेळ चालायचा. पंपाचं पाणी जिथे उकळल्यासारखं वर येऊन हौदात पडायचं, तिथून ते नागमोडी भिंतींमधून पुढे जायचं. तोंडाशी मामा चिमटीतून दोन तीळ सोडायचा आणि मला विचारायचा, "सांग, कोनचा कोठी निंगन?" पैज चहाची. मी सगळं ठामपणे सांगायचो आणि सगळं चुकायचं. पण गंमत अशी की मामाही चुकायचा. इतकी वर्षं पाण्याकडे बघून त्यालाही सांगता यायचं नाही. एक तीळ वाटेतल्या भोवऱ्यात सापडून कोपऱ्यात गरगरत राहायचा, दुसरा सरळ निघून पार टोकाला. कधी दोन्ही जायचे आणि भलतीकडचा काडीकचरा येऊन एकमेकांना बिलगायचा.

"एकाच चिमटीतले होते बाप्पा," मामा म्हणायचा, आणि कोपऱ्यात फिरणाऱ्या तिळाकडे बघत बसायचा.

त्याचा एक पाठचा भाऊ होता. लहानपणी घरून निघून गेला, परत कळला नाही. हे मला मामीने सांगितलं. मामाने मला फक्त तीळ दाखवले.

आता हाताकडे येतो. मुद्दाम उशीर केला, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

सुरुवात चहाने झाली. मामाची कपबशी वाजू लागली. मी म्हणायचो, "मामा, इंजन माह्याकडं हाये का तुह्याकडं?" तो हसायचा. मग शर्टाच्या गुंड्या मामी लावून देऊ लागली. मग एका सकाळी बरणी उजेडाकडे धरून तो म्हणाला, "पानी बदललं."

"काय झालं?"

"फूल तुटून राह्यलं. येते अन् तुटते. वर कोनी नवी जमीन नांगरली असन. माती बदलली."

मी बरणीत पाहिलं. आत खरंच धुरळा उडत होता. मग मी हाताकडे पाहिलं. हात थरथरत होता, बरणीत तोच थरकाप पोचत होता, आणि फुलं फुटत होती. बरणीतल्या पाण्याला काय कळणार की हे तळ्यातलं वादळ आहे की मामाच्या मनगटातलं. पण मला कळलं. आणि तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मी एका शब्दात आटोपलं. मी म्हटलं, "असन."

काय बोलणार होतो? मामा, पाणी तेच आहे, तूच बदललास?

मामाने आपल्या समजुतीप्रमाणे तुरटी वाढवली. फूल तुटतं म्हणजे तुरटी कमी पडते, हा त्याचा हिशोब. दुसऱ्या दिवशी आणखी वाढवली. गावाचे ओठ आक्रसले. बायकोला हाक मारायला तोंड उघडलं की शीळ निघायची. न्हाव्याने दाढीनंतर तुरटी फिरवणं सोडून दिलं, नुसतं नळाचं पाणी मारायचा आणि गिऱ्हाईक किंचाळायचं. वरच्या आळीतल्या म्हातारीची डाळ शिजेना. आणि एवढं करून पाणी नितळ होईना, कारण तुरटी फार झाली की ती स्वतःच पाण्याला धुरकट ठेवते. लोक मला बाजारात अडवायचे.

"काहून रे, मामा झोपते काय तिकडं?"

मी म्हणायचो, "माती बदलली. वर कोनी नवी जमीन नांगरली." त्या जमिनीचा मी पत्ता दिला, मालक दिला, त्याच्या बैलांचे रंग दिले. खोटं बोलण्यात माझा हात कधी थरथरला नाही.

आणि एका सकाळी ते झालं. मामाने एक बरणी उजेडाकडे धरली, बघितली, मान हलवली आणि टेबलावर ठेवून तपकिरीची डबी शोधू लागला. डबी सापडायला वेळ लागला. परत फिरला तर टेबलावरच्या त्या बरणीत उरलंसुरलं फूल खाली बसत होतं. त्याने ती उचलली. धुरळा. खाली ठेवली. थोडं थांबला. फूल बसू लागलं. उचलली. धुरळा. मी दारात उभा होतो. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं नाही, पण मी आहे हे त्याला माहीत होतं.

"वावटळ, इकडं ये. हे दुसरी बरनी धर."

मी धरली.

"उजेडाकडं कर."

मी केली. माझा हात म्हणजे इंजिनाचा हँडल मारणारा, रानरेड्याचा हात. पण तेव्हा तो खांबासारखा स्थिर राहिला. मला तो हलवायचा होता. खरंच सांगतो, थोडा तरी हलावा असं मला वाटत होतं. तो हलला नाही. बरणीत फुलं हलकेच, एकामागून एक, खाली येत होती.

मामाने डावा डोळा मिटून ती शेवटपर्यंत पाहिली.

"पानी नाई बदललं बाप्पा," म्हणाला.

मग दोन्ही हात मांडीखाली दाबून स्टुलावर बसला, थंडीत पोरं बसतात तसा.

मी त्याला वाशीमला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भला माणूस होता. त्याने मामाला हात पुढे करायला सांगितलं, हातावर कागद ठेवला. कागद पिंपळाच्या पानासारखा फडफडला. डॉक्टर म्हणाला, हा कंपवात आहे, याला तसं औषध नाही, काळजी करणं सोडा म्हणजे थोडा कमी होईल.

मामाने विचारलं, "साहेब, काळजीनं हात कापते, का कापते म्हनून काळजी?"

डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. त्याच्याजवळ दुसरं काय होतं?

परतीच्या गाडीत मी तावातावाने उपाय सांगितले. आसेगावकडे एक वैद्य आहे, त्याच्या तेलाने आमच्या गावच्या वेड्या म्हशीची थरथर थांबली. दंडाला शिसं बांधायचं. मधमाशी चावून घ्यायची. मामा खिडकीतून बाहेर बघत होता.

"वावटळ," तो म्हणाला, "बसू दे ना जरा."

मी बसू दिलं. मालेगाव येईपर्यंत बोललो नाही. कंडक्टरने मला उतरताना विचारलं, तब्येत बरी आहे ना.

त्यानंतर आम्ही नवी तऱ्हा काढली. कामटी माझ्या हातात, डोळे त्याचे. पहिल्या दिवशी मी बरणी अशी ढवळली की पाणी छताला लागलं आणि पाल पडली. मामा ओरडला नाही. मांडीखाली हात दाबून बसल्या बसल्या त्याने ताल धरला, "बसू दे त्याले. बसू दे त्याले." माझी कामटी त्याच्या आवाजामागे चालू लागली. दमाने, आणखी दमाने. इतकं हळू मी आयुष्यात काही केलं नव्हतं, लग्नसुद्धा नाही. पण एके दिवशी फूल आलं. गावाचे ओठ पुन्हा सैल झाले. म्हातारीची डाळ शिजली. गावात एकच तक्रार उरली, की पंपावरच्या माणसाचा आवाज बसला, बहुतेक घसा गेला.

पाणीपुरवठ्याचे मोठे साहेब आले तेव्हा कुणीतरी त्यांना मामाच्या हाताचं सांगितलंच. साहेब रागावले नाहीत. उलट म्हणाले, "मामा, तुम्ही नुसते इथे बसून राहा. काम हा करेल."

मामा हसला. "बसून कोन राह्यते साहेब? गाळ बसते."

तरी त्याने एक पावसाळा काढला. माझ्यासाठी काढला, असं मला वाटतं. कारण मला ढवळता यायचं, पण बघता येत नव्हतं. मी म्हणायचो फूल आलं, तो म्हणायचा अजून नाई. मी म्हणायचो नाई, तो म्हणायचा ते काय, उतरून राह्यलं. झेंडूची टोपली आली तेव्हा त्याने ती घ्यायला हात पुढे केले, आणि मग मागे घेतले. म्हातारीने ते पाहिलं. तिने टोपली स्वतः आत नेली, थेट तसबिरीखाली ठेवली आणि पदर सावरत निघून गेली. तीस पावलांवरूनही पाणी बाटतं म्हणणाऱ्या घरातली होती ती.

मग मान हलू लागली. मग डोळ्यापुढे बरणी ठरेना. एका सकाळी मामाने बरणीकडे बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "आलं का?" रोज मी त्याला विचारायचो. त्या दिवशी त्याने मला विचारलं. त्याच आठवड्यात तो मामीला घेऊन आसेगावला लेकीकडे गेला. मी त्याला एस.टी.त बसवून दिलं. खिडकीची दांडी त्याने घट्ट धरली होती, आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच दांडी वाजत होती.

मी दिवाळीनंतर भेटायला गेलो. जाताना तळ्याचं पाणी नेलं, बाटली भरून, कारण त्याने तसा निरोप धाडला होता. सोबत मेथ्यांचा वास असलेली ती बरणी, कामटी आणि तुरटीचा खडा. एस.टी.ने त्या पाण्याला रस्त्यातल्या एकूण एक खड्ड्यांची ओळख करून दिली. पोचलो तेव्हा बाटलीत चहा होता.

मामा ओट्यावर होता. मामी त्याला पेल्याने पाणी पाजत होती, थोडं तोंडात, थोडं सदऱ्यावर. मला बघून त्याचे डोळे हसले. बाकी चेहरा आता त्याचं ऐकत नव्हता.

"आली काय वावटळ."

"जयभीम मामा. तुह्याच तळ्याचं हाये. कोनाले नोको सांगू, चोरून आनलं."

घरात कोनाडा होता, तसबिरीखाली. त्यात मी बरणी ठेवली. मामाला समोर बसवलं. पाणी ओतलं, तुरटी फिरवली आणि कामटी धरली. मामाचे ओठ हलत होते. आवाज निघत नव्हता, पण ताल मला माहीत होता. मी ढवळत राहिलो. मग कामटी काढून घेतली आणि मामीने बरणीवर ताटली झाकली.

आम्ही बघत बसलो. लेक आली, चहा ठेवून गेली. बरणीत सगळं नुसतं फिरत होतं. कधी वाटायचं पुंजका धरतोय, कधी वाटायचं नाही. एस.टी.ने फार घुसळलं होतं, की तुरटी कमी पडली होती, की मलाच येत नव्हतं, काय माहीत. रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. शेवटची गाडी होती.

"मामा, आलं का?"

त्याने पाहिलं. मान हलत होती, त्यामुळे ती हो म्हणते की नाही म्हणते, तेही कळेना.

"तू जाय," तो म्हणाला. "गाडी सुटन. मी पाहून राह्यलो."

वळणावरून मी मागे पाहिलं. दाराच्या चौकटीतून तो दिसत होता. हात मांडीखाली दाबलेले, तोंड कोनाड्याकडे.

त्यानंतर तो फार दिवस जगला नाही. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी आसेगावला गेलो. लेकीने पाणी दिलं. मामी आत होती. मी आत गेलो आणि थांबलो.

बरणी कोनाड्यातच होती, ताटलीसकट. पाणी थोडं उतरलं होतं. वरचं पाणी इतकं नितळ, की त्यातून मागच्या भिंतीचे पोपडे मोजता आले असते. तळाशी काळी माती बसली होती, सारवल्यासारखी सपाट. फूल केव्हा आलं, त्याने ते पाहिलं की नाही, हे मी मामीला विचारणार होतो. पण तीच आधी बोलली.

"हे म्हने, हात लावू नोका कोनी. नातवंडाईलेई लावू देल्ला नाई. झाडलोट कराले मी तिथून वाकून जातो, पदर लागन म्हनून." तिने बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भाऊ, तुमाले समजते त्यातलं. आता हालवली तं चालन काय?"

पंचक्रोशीला ऐकू जाणारा माझा आवाज. मी तोंड उघडलं, आणि बरणीतलं पाणी हलेल म्हणून परत मिटलं.